कोरडं वजन

काट्यावर मी एकोणसाठ किलो आठशे.
सिस्टर लिजी वहीत लिहिते, खूश होते,
"तीन महिने झाले, वजन ढळलं नाही."
मी गप्प.
मला माझी पँट माहीत आहे,
पट्ट्याला खिळ्याने पाडलेली दोन नवी भोकं माहीत आहेत.
जेवढं मांस गेलं तेवढं पाणी येऊन राहिलं,
भाडेकरू बदलला, खोलीचं भाडं तेच.

मुहर्रक, पहाटेची पाळी, खुर्ची क्रमांक सहा.
बावीस वर्षं मी हिद्दच्या मेसमध्ये
दोनशे माणसांचं रांधलं.
डाळ ढवळायला वल्ह्याएवढा डाव,
मीठ चिमटीने नाही, मुठीने कळायचं.
आता मीठ म्हटलं की डॉक्टर
सिग्नलवरच्या पोलिसासारखा हात वर करतात.

डाएटवाल्या मुलीने कागद दिला होता,
एका बाजूला खा, दुसऱ्या बाजूला खाऊ नका.
ही दुसरी बाजू मागच्या पानावरही गेली होती.
केळं, टोमॅटो, शहाळं, सुकट,
खजूर तर नावच काढू नका.
बटाटा चिरा, रात्रभर भिजवा, पाणी फेका,
उकळा, तेही पाणी फेका,
मग ताटात येतो बटाट्याचा फोटो.

मी निमूटपणे ऐकलं. इतकं, की भूकच गेली.
आता तीच मुलगी रिपोर्ट पुढे करून विचारते,
खात का नाही, काका?
अल्ब्युमिन दोन पूर्णांक आठ.
आत कुठेतरी जळतंय, ती म्हणते.
ताप नाही, सूज दिसत नाही, दुखतही नाही,
फक्त रक्तात एक आकडा
पाचाच्या आत असायचा, तो एकतीस.

तिला वाटलं, मला समजलं नाही.
पोरी, मी आचारी आहे.
मंद आचेवर विसरलेलं पातेलं मी पाहिलंय,
वरून संथ, साय धरलेलं,
तळाला लागलेलं.
करपल्याचा वास सगळ्यांत आधी भुकेला येतो,
ती पाय न वाजवता उठून जाते.
मग कशालाही चव जुन्या नाण्याची.

सात नंबरला बू-राशिद.
त्याचा बाप मोत्यांसाठी बुडी मारायचा,
दिवसभर उपाशी,
भरल्या पोटी दम टिकत नाही म्हणून.
रात्री थोडा भात, मासा, दोन-चार खजूर.
हंगाम संपून घरी आला
की बायको दारात क्षणभर थबकायची, हा कोण?
"आपणही पाण्यातच," बू-राशिद नळीकडे बोट करतो,
"दोरी वर कोणाच्या हातात आहे, एवढंच बघायचं."
त्याच्या खिशात एक खजूर असतो.
काढतो, हुंगतो, परत ठेवतो.
डाएटवाली बघते, आणि दुसरीकडे बघते.

दापोलीहून मैमूनाचा फोन रोज येतो.
इथे सगळे विचारतात, किती प्यायलात?
ती विचारते, जेवलाव काय?
तिच्या प्रश्नात पोटॅशियम नाही, फॉस्फरस नाही.
मी म्हणतो, हो. बांगडा होता.
सात महिने रोज बांगडा होता.

काल रात्री झोप नव्हती, सहा अंडी उकडली.
पिवळं सगळं खोलीतल्या शफीकुलला,
पांढऱ्यावर लिंबू, मिरी,
आणि तिने धाडलेल्या तिरफळांतलं एक, ठेचून.
मीठ नाही. हात दोनदा बरणीकडे गेला, दोनदा परत आला.
आज तिसऱ्या तासाला डबा उघडला.
तिरफळाने जीभ झिणझिणली,
नाण्याच्या खालून काहीतरी हललं.
बू-राशिदने न विचारता दोन तुकडे उचलले,
तोंड वेडंवाकडं केलं,
तिसरा घेतला.

तेवढ्यात फोन.
जेवलाव काय?
तोंडात घास होता,
मला खोटं बोलता आलं नाही.